लिनक्सवर आवाज का येत नाही? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या अंकात ध्वनीच्या कर्नल मॉड्यूलविषयीचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा आणि मॉड्यूल म्हणजे त्यात हवं तेव्हा चढवता-उतरवता येणारा तुकडा; ध्वनीचे ड्रायव्हर बहुधा असेच तुकडे असतात. आधी टायपिंगबद्दल थोडं. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत (0, 1, 2) लिहायच्या. मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे. मॉड्यूलच्या नावातली आडवी रेघ आणि अधोरेघ मॉडप्रोबला (मॉड्यूल चढवणारी कमांड) सारख्याच. फाइलचं नाव एसएनडी-एचडीए-इंटेल असलं तरी एलएसमॉड (चढलेल्या मॉड्यूलांची यादी देणारी कमांड) तेच एसएनडी_एचडीए_इंटेल असं दाखवतो, त्यात गोंधळण्यासारखं काही नाही. /सिस खालच्या वाटांमध्ये मात्र कायम अधोरेघच लागते.

प्रश्न: नव्या लॅपटॉपवर डेबियन १२ टाकलं. ‘एप्ले -एल’ दिलं की ‘नो साउंडकार्ड्स फाउंड’ येतं. एका जुन्या लेखात अल्साचा (लिनक्सची ध्वनियंत्रणा) ड्रायव्हर स्वतः कम्पाइल करा असं वाचलं. अल्सा-ड्रायव्हर १.०.२५ चा टारबॉल (मूळ कोडचं गाठोडं) उतरवला, पण मेक (कम्पाइल करणारी कमांड) सुरू झाल्याझाल्या चुकांचा पाऊस पडतो. कोणतं पॅकेज राहिलं असेल? (सांगली)

उत्तर: कोणतंच नाही. तो टारबॉल पुसून टाका. डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ कर्नलपासून अल्सा कर्नलच्याच मूळ कोडमध्ये आहे. वेगळा टारबॉल त्यानंतरही काही वर्षं निघत राहिला, कारण जुन्या कर्नलवाल्यांना नवे ड्रायव्हर हवे असत. तुमच्याकडचा १.०.२५ हा त्या मालिकेतला शेवटचा. डेबियन १२ चं कर्नल ६.१ आहे. मधल्या काळात कर्नलची आतली फंक्शन्स इतकी बदलली की तो कोड कम्पाइल होणं शक्यच नाही.

आवाज नसला की पहिल्यांदा ‘एलएसपीसीआय -एनएनके’ चालवा आणि ऑडिओचं उपकरण शोधा. त्याच्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ आहे का ते बघा. ओळ असेल आणि तरीही कार्ड दिसत नसेल, तर ड्रायव्हर चढलाय पण अर्ध्यात अडकलाय. ओळ नसेल, तर ड्रायव्हर चढलाच नाही किंवा चढून लगेच बाहेर पडला. मग ‘सुडो डीएमेसजी’ (कर्नलच्या संदेशांची नोंद) मध्ये एसओएफ, एसएनडी आणि फर्मवेअर हे शब्द शोधा.

२०१९ नंतरच्या इंटेलच्या बहुतेक लॅपटॉपवर खरं कारण तिथेच सापडतं: ‘रिक्वेस्ट फर्मवेअर’ असं काहीतरी, पुढे ‘फेल्ड’ आणि शेवटी -२. हे -२ म्हणजे फाइल सापडली नाही. या लॅपटॉपमधला ध्वनी-प्रोसेसर सुरू व्हायला साउंड ओपन फर्मवेअर (एसओएफ) लागतं. ते कर्नलमध्ये नसतं, वेगळ्या पॅकेजात येतं. डेबियनमध्ये त्याचं नाव फर्मवेअर-एसओएफ-साइन्ड, फेडोरात अल्सा-एसओएफ-फर्मवेअर, आर्चमध्ये एसओएफ-फर्मवेअर. डेबियन १२ मध्ये त्यासाठी अ‍ॅप्टच्या सोर्सेस यादीत नॉन-फ्री-फर्मवेअर हा विभाग चालू असावा लागतो. पॅकेज टाका, रीबूट करा. कम्पाइल काहीही करायचं नाही.

इंटरनेटवर याच्यावर आणखी एक उपाय फिरतो: /ईटीसी/मॉडप्रोब.डी/ मध्ये ‘ऑप्शन्स एसएनडी-इंटेल-डीएसपीसीएफजी डीएसपी_ड्रायव्हर=१’ ही ओळ टाकणं. त्यानं जुना एसएनडी-एचडीए-इंटेल ड्रायव्हर जबरदस्तीनं वापरला जातो आणि पुष्कळ मशीनवर स्पीकर वाजूही लागतो. पण लॅपटॉपचा माइक जातो. या मशीनमध्ये झाकणातला डिजिटल माइक थेट त्या प्रोसेसरला जोडलेला असतो. एचडीए कोडेकपर्यंत (आवाजाचं डिजिटल-अ‍ॅनालॉग रूपांतर करणारी चिप) त्याची तार जातच नाही, मग जुन्या ड्रायव्हरला तो दिसणार कसा? तेव्हा हा उपाय फक्त तपासणीपुरता. आणि मॉडप्रोब.डी मध्ये फाइल करायची तर नावाच्या शेवटी .कॉन्फ हवंच. ते नसेल तर मॉडप्रोब ती फाइल वाचत नाही, आणि वाचली नाही असं सांगतही नाही.

कार्ड दिसायला लागलं पण आवाज नाही, असं झालं तर अल्सामिक्सर उघडा आणि आधी एफ६ दाबून खरं कार्ड निवडा. सुरुवातीला दिसतो तो पाइपवायरचा (प्रोग्राम आणि कार्ड यांच्यामधली आवाजाची सेवा) बनावट स्तंभ असतो. मास्टर, स्पीकर, हेडफोन यांच्याखाली ‘एमएम’ असेल तर तो बंद आहे. एम दाबून ‘ओओ’ करा. नंतर ‘सुडो अल्साकंट्रोल स्टोअर’ (ही कमांड ए-एल-एस-ए-सी-टी-एल अशी लिहायची) दिलं की पातळ्या /व्हार/लिब/अल्सा/ मध्ये साठतात.

प्रश्न: ऑनलाइन वर्ग रेकॉर्ड करण्यासाठी भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर एसएनडी-अलूप (एका टोकाला वाजवलेलं दुसऱ्या टोकाला देणारं बनावट साउंडकार्ड) हवंय. ‘मॉडप्रोब एसएनडी-अलूप’ दिलं तर ‘मॉड्यूल नॉट फाउंड’. फक्त अलूपची फाइल आणून कम्पाइल केली, तर चढवताना ‘अननोन सिम्बॉल’ च्या पंधरा-वीस ओळी आल्या. (पुणे)

उत्तर: ‘युनेम -आर’ चं उत्तर बघा. शेवटी ‘क्लाउड-एएमडी६४’ असेल तर तुमच्याकडे डेबियनचं क्लाउडसाठीचं छाटलेलं कर्नल आहे. त्यात ध्वनीचा अख्खा विभागच बंद ठेवलेला असतो. अलूप हे वरचं मॉड्यूल. ते एसएनडी, एसएनडी-टायमर आणि एसएनडी-पीसीएम यांच्यातली फंक्शन्स वापरतं. खालचे मजलेच नाहीत, म्हणून ते सिम्बॉल (फंक्शन्सची नावं) सापडत नाहीत. खालची मॉड्यूलं एकेक करून बाहेरून कम्पाइल करण्याच्या फंदात पडू नका. साधं कर्नल टाका: ‘सुडो अ‍ॅप्ट इन्स्टॉल लिनक्स-इमेज-एएमडी६४’. मग क्लाउडवालं कर्नल काढून टाका, नाहीतर ग्रब (मशीन सुरू होताना कर्नल निवडणारा प्रोग्राम) रीबूटनंतर पुन्हा तेच उचलण्याची शक्यता असते. रीबूटनंतर ‘युनेम -आर’ मध्ये क्लाउड हा शब्द दिसता कामा नये.

उबुंटूवर गोष्ट वेगळी. तिथे ध्वनीचा पाया असतो, पण बरीच मॉड्यूलं लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा-$(युनेम -आर) या पॅकेजात ठेवलेली असतात. तेवढं टाकलं की रीबूटही लागत नाही.

सर्व्हर खरोखर व्हर्च्युअल मशीन आहे ना, एवढं आधी विचारून घ्या. एलएक्ससी किंवा ओपनव्हीझेडवरचा कंटेनर असेल तर कर्नल यजमान मशीनचं असतं आणि आतून कोणतंही मॉड्यूल चढवता येत नाही. डॉकरच्या बाबतीतही तेच: मॉड्यूल यजमानावर चढवायचं आणि /डेव्ह/एसएनडी हे उपकरण कंटेनरला द्यायचं.

अलूप आपोआप चढत नाही, कारण त्याच्यामागे खरं हार्डवेअर नाही. यूडेव्हला (हार्डवेअर दिसलं की त्याचं मॉड्यूल चढवणारी सेवा) हाक मारणारं कुणी नसतं. /ईटीसी/मॉड्यूल्स-लोड.डी/ मध्ये अलूप.कॉन्फ नावाची फाइल करून त्यात एसएनडी-अलूप ही एकच ओळ लिहा. वापर असा: जे वाजवायचं ते एचडब्ल्यू:लूपबॅक,०,० वर वाजवायचं (लूपबॅकमधला पहिला एल मोठा) आणि एचडब्ल्यू:लूपबॅक,१,० वरून रेकॉर्ड करायचं. शेवटचा आकडा दोन्हीकडे जुळला पाहिजे. असे ८ जोड मुळातच मिळतात. जे टोक आधी उघडेल ते सॅम्पल रेट आणि फॉरमॅट ठरवतं, दुसऱ्याला तेच घ्यावं लागतं. एकीकडे ४८,००० आणि दुसरीकडे ४४,१०० ठेवलंत तर दुसरं टोक उघडणारच नाही. अशा वेळी दोष मॉड्यूलला दिला जातो, पण चूक सेटिंगची असते.

प्रश्न: यूएसबी माइक लावला की डीएमेसजीमध्ये ‘कॅनॉट गेट फ्रेक अ‍ॅट ईपी’ असं येतं आणि रेकॉर्डिंग सुरू व्हायला पाच-सहा सेकंद लागतात. साउंड/यूएसबी/क्वर्क्स.सी मध्ये एक ओळ वाढवली की जातं असं कळलं. त्यासाठी सगळं कर्नल कम्पाइल करावं लागेल का? डेबियन १२ आहे. (नाशिक)

उत्तर: नाही. आणि बहुधा एकही फाइल कम्पाइल करावी लागणार नाही. ती ओळ सांगते की ड्रायव्हरनं माइकला त्याचा सॅम्पल रेट विचारला आणि माइकनं उत्तर दिलं नाही. स्वस्त माइक आणि वेबकॅममध्ये हे नेहमीचं. ड्रायव्हर उत्तराची वाट बघत बसतो, तोच तुमचा उशीर. ५.१५ कर्नलपासून एसएनडी-यूएसबी-ऑडिओला क्वर्क_फ्लॅग्ज हा पॅरामीटर आहे (क्वर्क म्हणजे एखाद्या उपकरणाच्या विक्षिप्तपणासाठी केलेली खास सोय). यूएसबीवर एकच ध्वनी-उपकरण असेल तर मॉडप्रोब.डी मधल्या फाइलमध्ये हे लिहा:

ऑप्शन्स एसएनडी-यूएसबी-ऑडिओ क्वर्क_फ्लॅग्ज=१

१ म्हणजे पहिली बिट: सॅम्पल रेट विचारू नकोस. माइक काढा, ‘सुडो मॉडप्रोब -आर एसएनडी-यूएसबी-ऑडिओ’ द्या, माइक पुन्हा लावा. उशीर गेला तर काम झालं.

तरीही ती ओळ कोडमध्येच घालायची असेल (एकापेक्षा जास्त उपकरणं असतील तर ते रास्तही आहे), तर फक्त साउंड/यूएसबी ही डिरेक्टरी कम्पाइल करायची. लागणारं सामान:

सुडो अ‍ॅप्ट इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल लिनक्स-हेडर्स-$(युनेम -आर) लिनक्स-सोर्स-६.१

त्याआधी अपग्रेड केलं असेल तर रीबूट करा. हे आम्ही सहज सांगत नाही. अपग्रेडमध्ये नवं कर्नल डिस्कवर येतं, पण चालू असतं जुनंच. त्याचे हेडर (मॉड्यूल कम्पाइल करायला लागणाऱ्या कर्नलच्या फाइल) भांडारातून गेलेले असतात आणि मग ‘/लिब/मॉड्यूल्स/…/बिल्ड: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ अशी चूक येते. आमच्याकडे येणाऱ्या कम्पाइलच्या तक्रारींत इतकी साधी आणि इतकी वारंवार येणारी तक्रार दुसरी नाही.

सोर्स घरच्या डिरेक्टरीत सोडवा. १ जीबीहून जास्त जागा लागते:

टार एक्सएफ /यूएसआर/एसआरसी/लिनक्स-सोर्स-६.१.टार.एक्सझेड
सीडी लिनक्स-सोर्स-६.१

सोर्सची आवृत्ती चालू कर्नलशी तंतोतंत जुळतेय ना ते बघा. डेबियनमध्ये ‘युनेम -आर’ फसवतं: त्यातला ६.१.० हा आकडा ठरीव असतो. खरी आवृत्ती ‘युनेम -व्ही’ मध्ये दिसते. क्वर्क्स.सी मध्ये बदल करून याच जागेवरून:

मेक -सी /लिब/मॉड्यूल्स/$(युनेम -आर)/बिल्ड एम=$पीडब्ल्यूडी/साउंड/यूएसबी मॉड्यूल्स

इथे सी, एम आणि पीडब्ल्यूडी मोठ्या अक्षरांत. -सी ची वाट म्हणजे चालू कर्नलचं कॉन्फिगरेशन आणि सिम्बॉलची यादी; एम ची वाट म्हणजे तुमचा कोड. सोडवलेल्या सोर्समध्ये नुसतं मेक दिलंत तर दुसऱ्याच कॉन्फिगरेशननं अख्खं कर्नल बनायला लागतं, तासभर जातो आणि तयार झालेलं मॉड्यूल शेवटी चढतच नाही. वरच्या पद्धतीनं साध्या लॅपटॉपवरही मिनिटा-दोन मिनिटांत साउंड/यूएसबी मध्ये एसएनडी-यूएसबी-ऑडिओ.केओ तयार होतं. मग:

सुडो एमकेडीआयआर -पी /लिब/मॉड्यूल्स/$(युनेम -आर)/अपडेट्स
सुडो सीपी साउंड/यूएसबी/एसएनडी-यूएसबी-ऑडिओ.केओ /लिब/मॉड्यूल्स/$(युनेम -आर)/अपडेट्स/
सुडो डेपमॉड -ए

मूळ फाइलवर स्वतःची फाइल लिहू नका. अपडेट्स डिरेक्टरीला डेपमॉड अग्रक्रम देतो, म्हणून मूळ मॉड्यूल जागेवर राहतं आणि काही बिघडलं तर आपली फाइल पुसून ‘डेपमॉड -ए’ दिलं की सगळं पूर्ववत. कोणती फाइल चढणार हे ‘मॉडइन्फो -एन एसएनडी-यूएसबी-ऑडिओ’ सांगतं. तिथे अपडेट्सची वाट दिसली नाही तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

आता जुनं मॉड्यूल उतरवायचं. ‘मॉड्यूल इज इन यूज’ आलं तर पाइपवायरनं कार्ड धरून ठेवलंय. यूएसबीच्या बाबतीत सोपी युक्ती म्हणजे आधी उपकरण उपटायचं, मग मॉडप्रोब -आर. आतल्या कार्डाला ही सोय नाही. तिथे ‘फ्यूजर -व्ही /डेव्ह/एसएनडी/*’ देऊन कुणी धरलंय ते बघा आणि ‘सिस्टिमसीटीएल --यूजर स्टॉप’ वापरून वायरप्लंबर (पाइपवायरचा व्यवस्थापक), पाइपवायर, पाइपवायर-पल्स थांबवा. पाइपवायर आणि पाइपवायर-पल्स यांची .सॉकेट युनिटंही थांबवायची, नाहीतर कुठल्याही प्रोग्रामनं आवाज मागितला की ते पुन्हा उठून बसतात.

चढवताना इन्समॉड वापरू नका, मॉडप्रोब वापरा. इन्समॉड फक्त दिलेली फाइल चढवतो, तिला लागणारी खालची मॉड्यूलं बघत नाही. त्यामुळे चांगल्या मॉड्यूललाही ‘अननोन सिम्बॉल’ येतं. ‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’ किंवा ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ आलं तर डीएमेसजी उघडा. ‘व्हर्शन मॅजिक’ ची ओळ असेल तर मॉड्यूल दुसऱ्या कर्नलसाठी बनलंय. ‘डिसअ‍ॅग्रीज अबाउट व्हर्शन ऑफ सिम्बॉल’ असेल तर नाव जुळतंय पण फंक्शनचं स्वरूप बदललंय, म्हणजे सोर्स किंवा हेडर वेगळ्या बांधणीचे आहेत. दोन्हीवर उपाय एकच: चालू कर्नलचे हेडर घेऊन पुन्हा कम्पाइल. ‘मॉडप्रोब --फोर्स’ नं व्हर्शन मॅजिकची तपासणी टाळता येते. तसं केलंत तर पुढच्या कर्नल पॅनिकला जबाबदार तुम्हीच.

प्रश्न: वरच्यासारखंच सुधारलेलं मॉड्यूल वापरतोय, पण दर कर्नल अपडेटनंतर ते नाहीसं होतं. डीकेएमएस वापरू का? (कोल्हापूर)

उत्तर: वापरा, पण मर्यादा समजून. मॉड्यूल एकाच कर्नलच्या डिरेक्टरीत राहतं. नव्या कर्नलची डिरेक्टरी वेगळी. डीकेएमएस दर नव्या कर्नलसाठी तोच कोड पुन्हा कम्पाइल करतो, बाकी जादू काही नाही. कोड /यूएसआर/एसआरसी/नाव-आवृत्ती/ इथे ठेवा, उदाहरणार्थ एसएनडी-यूएसबी-सुधारित-१.०. त्यात डीकेएमएस.कॉन्फ मध्ये पाच ओळी पुरतात. डावीकडची नावं मोठ्या अक्षरांत:

पॅकेज_नेम="एसएनडी-यूएसबी-सुधारित"
पॅकेज_व्हर्शन="१.०"
बिल्ट_मॉड्यूल_नेम[०]="एसएनडी-यूएसबी-ऑडिओ"
डेस्ट_मॉड्यूल_लोकेशन[०]="/अपडेट्स"
ऑटोइन्स्टॉल="येस"

मग ‘डीकेएमएस अ‍ॅड’, ‘डीकेएमएस बिल्ड’, ‘डीकेएमएस इन्स्टॉल’, प्रत्येकाला -एम नाव आणि -व्ही आवृत्ती. हेडरचं लिनक्स-हेडर्स-एएमडी६४ हे मेटापॅकेज टाकलेलं असू द्या, तरच नव्या कर्नलबरोबर नवे हेडर येतील; हेडर नसतील तर डीकेएमएस त्या कर्नलसाठी काहीच बनवत नाही. अडलं तर /व्हार/लिब/डीकेएमएस/नाव/आवृत्ती/बिल्ड/मेक.लॉग वाचा. खरी चूक पहिल्या ‘एरर’ शब्दाजवळ असते; शेवटच्या ओळींवरून काही कळत नाही.

मर्यादा अशी की हा कर्नलच्याच ड्रायव्हरचा तुम्ही गोठवलेला तुकडा आहे. डेबियन १२ च्या ६.१ मालिकेत तो बहुतेक चालत राहील, पुढच्या डेबियनमध्ये तुटेल. तुमचा बदल खरोखर उपयोगी असेल तर तो मूळ कर्नलकडे पाठवा. अल्साचे देखभालकर्ते यारोस्लाव किसेला आणि ताकाशी इवाई आहेत. सोर्समधली स्क्रिप्ट्स/गेट_मेंटेनर.पीएल ही स्क्रिप्ट फाइलचं नाव दिलं की पत्ते काढून देते. एका ओळीचे क्वर्क तिथे नेहमीच घेतले जातात. घेतला गेला की डीकेएमएसची गरज संपली.

प्रश्न: मॉड्यूल नीट कम्पाइल झालं, पण ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’. सिक्युअर बूट बंद करू का? (पणजी)

उत्तर: सिक्युअर बूट म्हणजे ओळखीची सही नसलेला कोड चढू न देणारी मशीनची सोय. विंडोजही त्याच मशीनवर असेल आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल, तर बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करताच विंडोज रिकव्हरी की मागेल. आम्ही बंद करायला सांगणार नाही. मॉड्यूलवर सही करणं दहा मिनिटांचं काम आहे. ‘मोकयुटिल --एसबी-स्टेट’ नं स्थिती तपासा. (कर्नलच्या आवृत्तीनुसार याच चुकीचे शब्द ‘रिक्वायर्ड की नॉट अव्हेलेबल’ असेही असतात.)

डेबियन १२ मध्ये डीकेएमएस पहिल्या बांधणीच्या वेळी स्वतःची किल्ली तयार करतो आणि मॉड्यूलवर सहीही करतो. ती किल्ली /व्हार/लिब/डीकेएमएस/ मध्ये मोक.की आणि मोक.पब या नावांनी असते. मशीनला ती ओळखीची नाही, एवढीच अडचण. ‘सुडो मोकयुटिल --इम्पोर्ट /व्हार/लिब/डीकेएमएस/मोक.पब’ द्या, एकदाच वापरायचा पासवर्ड विचारला जाईल. रीबूट केल्यावर निळा पडदा येतो. तो थोडेच सेकंद थांबतो, तेवढ्यात कोणतीही कळ दाबायची. चहा आणायला उठलात तर संधी गेली, इम्पोर्ट पुन्हा. ‘एनरोल मोक’, ‘कंटिन्यू’, ‘येस’, पासवर्ड, रीबूट. त्या पडद्यावर कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा असतो, म्हणून पासवर्डमध्ये विशेष चिन्हं घेऊ नका.

हातानं बनवलेल्या मॉड्यूलवर सही अशी:

सुडो /लिब/मॉड्यूल्स/$(युनेम -आर)/बिल्ड/स्क्रिप्ट्स/साइन-फाइल एसएचए२५६ मोक.की मोक.पब एसएनडी-यूएसबी-ऑडिओ.केओ

किल्ल्यांच्या जागी पूर्ण वाट द्यायची. ‘मॉडइन्फो’ मध्ये ‘साइनर’ ची ओळ दिसली की झालं. सही फाइलच्या शेपटीला चिकटवलेली असते. त्यानंतर फाइल लहान करायला स्ट्रिप चालवलंत तर सहीही कापली जाते; स्ट्रिप करायचंच असेल तर सहीच्या आधी.

प्रश्न: कधी एचडीएमआय कार्ड ० आणि यूएसबी कार्ड १, कधी उलट. प्रोग्राममध्ये कार्डाचा आकडा लिहिलाय, तो बिघडतो. (सोलापूर)

उत्तर: प्रोग्राममध्ये आकडा लिहूच नका, नाव लिहा. ‘कॅट /प्रोक/असाउंड/कार्ड्स’ मध्ये चौकटी कंसात येतं ते नाव एचडब्ल्यू: पुढे चालतं. आकडाच हवा असेल तर मॉडप्रोब.डी मध्ये ‘ऑप्शन्स एसएनडी स्लॉट्स=एसएनडी-यूएसबी-ऑडिओ,एसएनडी-एचडीए-इंटेल’ लिहा; पहिलं मॉड्यूल ० वर येईल. उबुंटूत अल्सा-बेस.कॉन्फ मध्ये ‘ऑप्शन्स एसएनडी-यूएसबी-ऑडिओ इंडेक्स=-२’ अशी ओळ मुळातच असते. यूएसबी कार्डाला ० मिळू नये म्हणूनच ती आहे, तेव्हा आधी तिच्यापुढे # टाका.

प्रश्न: गाणं सुरू होताना स्पीकरमधून ‘टक्’ असा आवाज येतो आणि पहिला शब्द अर्धा खाल्ला जातो. (औरंगाबाद)

उत्तर: कोडेक झोपतो आणि उठताना टक् करतो. ‘कॅट /सिस/मॉड्यूल/एसएनडी_एचडीए_इंटेल/पॅरामीटर्स/पॉवर_सेव्ह’ मध्ये जो आकडा येईल तितक्या सेकंदांनी तो झोपतो. ० म्हणजे कधीच नाही. ‘ऑप्शन्स एसएनडी-एचडीए-इंटेल पॉवर_सेव्ह=०’ पुरतं. लिहूनही आकडा परत बदलत असेल तर टीएलपी (बॅटरी वाचवणारा प्रोग्राम) तपासा, लॅपटॉप बॅटरीवर गेला की ते स्वतःचा आकडा घालतं. बॅटरी थोडी जास्त खर्च होईल. काही मशीनवर झोप कोडेकची नसून वायरप्लंबरची असते: काही सेकंद शांतता झाली की ते उपकरण बंद करतं. मग मॉड्यूलशी कितीही झगडून उपयोग नाही.

प्रश्न: रास्पबेरी पाय ४ ला पीसीएम५१०२ए चा छोटा डॅक (डिजिटल आवाजाचं अ‍ॅनालॉग करणारा) बोर्ड जोडायचाय. एसएनडी-सॉक-पीसीएम५१०२ए कम्पाइल करायला गेलो तर हेडर जुळत नाहीत: युनेममध्ये व्ही८, आणि सिस्टिम ३२ बिटची. (रत्नागिरी)

उत्तर: तुमचं निरीक्षण बरोबर आहे. पाय ४ चं फर्मवेअर आता ३२ बिटच्या सिस्टिमलाही मुळात ६४ बिटचं कर्नल देतं. ‘युनेम -आर’ मधला व्ही८ म्हणजे तेच. ३२ बिटच्या कम्पायलरनं त्याच्यासाठी मॉड्यूल बनत नाही. कॉन्फिग.टीएक्सटी मध्ये ‘आर्म_६४बिट=०’ लिहून रीबूट केलं की व्ही७एल कर्नल येतं आणि हेडर जुळतात. पण तुम्हाला हे काहीच करायचं नाही, कारण ते मॉड्यूल पायच्या कर्नलमध्ये तयार आहे. त्याला फक्त हार्डवेअर कुठे आहे ते सांगायचं. आयटूएसवर (पाय आणि डॅक यांच्यातली आवाजाची वाहिनी) पीसीआय किंवा यूएसबीसारखी ओळखपरेड होत नाही. डॅक गप्प बसून असतो, डिव्हाइस ट्रीनं (कर्नलला दिलेली हार्डवेअरची यादी) सांगितल्याशिवाय कर्नलला तो कळत नाही.

जोडणी, पायच्या ४० पिनांवर: बोर्डचा व्हीआयएन पिन २ ला (५ व्होल्ट), ग्राउंड पिन ६ ला, बीसीके पिन १२ ला (जीपीआयओ १८), एलसीके पिन ३५ ला (जीपीआयओ १९), डीआयएन पिन ४० ला (जीपीआयओ २१). एससीके पायला जोडायचा नाही, तो ग्राउंडला. बोर्डवर त्यासाठी सोल्डरचा छोटा पूल द्यायची जागा असते. तो जमिनीला असला की चिप बीसीकेवरून स्वतःचं घड्याळ बनवते; अधांतरी सोडला तर शांतता किंवा खरखर. मागच्या बाजूचा एक्सएसएमटी वर ओढलेला (हाय) आणि एफएमटी खाली (लो) आहे ना हेही बघा. एक्सएसएमटी लो राहिला तर चिप म्यूटमध्येच असते: कार्ड दिसतं, एप्ले विनातक्रार वाजवतो, ऐकू काहीच येत नाही. तारा १५ सेंटीमीटरच्या आत ठेवा.

बुकवर्ममध्ये (डेबियन १२ वर आधारलेली पायची सिस्टिम) फाइल /बूट/फर्मवेअर/कॉन्फिग.टीएक्सटी इथे आहे. त्याआधीच्या आवृत्त्यांत नुसतं /बूट/. तिच्यात:

डीटीओव्हरले=हायफायबेरी-डॅक

ही एक ओळ, आणि ‘डीटीपॅरम=ऑडिओ=ऑन’ पुढे # (पायच्या जॅकचा आवाज नको असेल तर). ओव्हरलेचं (डिव्हाइस ट्रीमध्ये घातलेली भर) नाव एका बोर्ड कंपनीवरून पडलंय, पण साध्या पीसीएम५१०२ए बोर्डालाही तोच चालतो. रीबूटनंतर ‘एप्ले -एल’ मध्ये कार्ड दिसेल. ‘स्पीकर-टेस्ट -सी २ -टी वेव्ह’ नं डावा-उजवा तपासा (वेव्ह इथे डब्ल्यू-ए-व्ही असं).

अल्सामिक्सर उघडल्यावर ‘या उपकरणाला एकही कंट्रोल नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येईल. हा बिघाड नाही. पीसीएम५१०२ए मध्ये आवाज कमी-जास्त करण्याची सोयच नाही, ती नेहमी पूर्ण पातळीवर वाजते. डेस्कटॉपवर पाइपवायर ते काम सॉफ्टवेअरमध्ये करतो. डेस्कटॉपशिवाय असाल तर /ईटीसी/असाउंड.कॉन्फ मध्ये सॉफ्टव्हॉल प्लगिन लावा. त्याचा कंट्रोल मिक्सरमध्ये दिसायला त्या उपकरणावर एकदा काहीतरी वाजवावं लागतं. तोवर अ‍ॅम्प्लिफायरची नॉब खाली ठेवा.